निल्दाचं राहिलेलं उत्तर

एतेल्विनाला पोर्तुगीज उत्तम येत होतं. लिस्बनच्या कडेला टेकडीवरच्या वस्तीत हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी विसरलंच तर ती स्वतः आठवण करून द्यायची. पालिकेची नोटीस आली, शाळेतून मुलाची तक्रार आली, दवाखान्याचा कागद कळेना, की बायका थेट तिच्या दारात. ती ओले हात ॲप्रनला पुसायची, चष्मा चढवायची, कागद आधी मनात वाचायची आणि मग जरा थांबून, औषधाचे थेंब मोजावेत तसा एकेक शब्द त्यांच्या घरच्या क्रियोल बोलीत सांगायची. त्या थांबण्यात तिला मोठी गोडी वाटायची.

नऊ वर्षांची असताना ती आफ्रिकेजवळच्या सांतियागो बेटावरून आईबरोबर लिस्बनला आली. पहिल्या वर्षी वर्गातली पोरं तिच्या बोलण्याला हसली. तिसऱ्या वर्षी ती त्यांच्या चुका काढू लागली. एवढं असून पुढची तीस वर्षं तिने कचेऱ्यांच्या फरश्याच पुसल्या. पहाटेच्या बसने शहरात जायचं, टेबलं, काचा, संडास लख्ख करायचे, आणि साहेब लोक यायला लागले की मागच्या दाराने बाहेर पडायचं. टेकडीवरच्या निम्म्या बायका हेच करत. त्यामुळे तिथे मान मिळवायचा तर दुसऱ्या कशाने तरी मिळवावा लागे. एतेल्विनाने तो भाषेने मिळवला. तिच्या आईने बातुकूने, म्हणजे बेटावरच्या बायकांच्या ठोक्याच्या गाण्याने.

आईचं नाव प्रुडेन्सिया. मोठ्या बाईला मानाने ‘न्हा’ म्हणायचं, म्हणून ती सगळ्यांची न्हा प्रुडेन्सिया. तिला सही करता येत नसे. पण दर रविवारी जेवणं झाली की वस्तीच्या सभागृहात वीस बायकांचा घेरा तिच्या शब्दावर चाले. प्रत्येकीच्या मांड्यांमध्ये चिंध्यांचं घट्ट गाठोडं, वरून प्लास्टिक गुंडाळलेलं. निम्म्या जणी त्यावर दोन-दोनचा ठोका धरायच्या, निम्म्या त्यात तीन-तीनचा घालायच्या, आणि ते दोन्ही एकमेकांत अडकले की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. एक गायची, बाकीच्या तीच ओळ तिला परत द्यायच्या. मधोमध एकजण कंबरेला पट्ट्यापट्ट्यांचं विणलेलं कापड बांधून नुसत्या कंबरेने नाचायची. दमली की कापड सोडून दुसरीला बांधायची. बेटावर ढोल वाजवायला बंदी झाली तेव्हा आपल्या आज्यांनी अंगावरची कापडं गुंडाळून बडवली, असं न्हा प्रुडेन्सिया सांगायची.

तिच्या घेऱ्यात ओळी जिवंत माणसांवर असत. कुणाचा नवरा पितो, कुणी सासूला शिळं वाढलं, सगळं गाण्यात यायचं. पण तिचा एक नियम होता आणि तो तिने कधी मोडू दिला नाही. जिच्यावर ओळ गायची ती घेऱ्यात समोर बसलेली हवी, आणि ओळ संपताच कापड तिच्या कंबरेला गेलं पाहिजे. मग ती उत्तर देणार. तिचं उत्तर येईपर्यंत कुणीही ठोका थांबवायचा नाही.

“उत्तर दिलं की लाज उतरते,” ती म्हणायची. “उत्तर न घेता गायलं तर ती चहाडी. चहाडीला गाठोडं कशाला लागतं? बसस्टॉपवर उभ्या राहून करा की.”

दोन वर्षांपूर्वी गळ्याच्या ऑपरेशनानंतर तिचा आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. घेऱ्याचं गाणं एतेल्विनाकडे आलं. तिचा आवाज आईपेक्षाही खुला होता, पण ओळ जुळवणं तिला जमत नसे. समोरच्या बाईकडे बघून, ठोका चालू असताना, दोन ओळींत तिचा सगळा संसार पकडायचा, हे जे आईला जमे ते तिला जमेना. ती आईच्याच जुन्या ओळी गायची. बायकांना कळायचं. कुणी बोलत नसे. फक्त न्हा बेबा, घेऱ्यातली सगळ्यांत म्हातारी, एकदा म्हणाली, “एतेल्विना, परवाची काचुपा आजही चांगलीच लागते गं. पण चुलीवर कधीतरी नवीनही ठेव.”

सगळ्या हसल्या. एतेल्विनाही हसली, आणि घरी जाऊन उगाचच भांडी घासत बसली.

निल्दा तिच्या शेजारची, आणि तिच्याच बरोबर एका इमारतीत सफाईला. निल्दाच्या मुलीची, सिलेनियाची, एतेल्विना धर्ममाता. त्यामुळे दोघी एकमेकींना ‘कुमाद्री’ म्हणायच्या, आणि सिलेनिया एतेल्विनाला ‘मद्रिन्या’. निल्दाचा नवरा आर्लिंदु आठ वर्षांपूर्वी रॉटरडॅमला जहाजावर कामाला गेला. निदान जाताना तसं सांगून गेला. वर्षभराने कुणीतरी त्याला नदीपलीकडे, बारेइरोत, एका बाईच्या अंगणात कपडे वाळत घालताना पाहिलं. टेकडीवर बातमी पसरायला एक दिवस पुरला. निल्दाने तोंड शिवून घेतलं. नळावर, बसमध्ये, कामावर, ती कुणाच्या नजरेला नजर देईना.

चार रविवार हे चाललं. पाचव्या रविवारी न्हा प्रुडेन्सियाने तिच्याकडे बघून ओळ टाकली:

रॉटरडॅमला निघालं जहाज, बारेइरोच्या लागलं काठाला,
कप्तानाचे सदरे वाळतात दुसरीच्या गं दोरीला.

ठोका थांबला नाही. न्हा प्रुडेन्सियाने स्वतः उठून निल्दाला कापड बांधलं. निल्दा खाली बघत उभी राहिली. मग तिची कंबर हलायला लागली, आधी नको नको म्हणत, मग तिच्याही नकळत, आणि तिने मान वर करून म्हटलं:

वाळू देत गं सदरे तिथंच, धुणं तिच्या नशिबी पडो,
नाव माझी मी वल्हवते, कप्तान कुठंही बुडो.

असा गलका झाला की खाली रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली. न्हा बेबाच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. त्या दिवसापासून आर्लिंदुचं नाव काढताना कुणी आवाज खाली आणला नाही, आणि निल्दाने पुन्हा कुणासमोर मान खाली घातली नाही. एका माणसापासून मात्र तिने ते लपवलंच. सिलेनिया तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. तिच्यासाठी बाबा रॉटरडॅमला होता आणि रॉटरडॅमलाच राहिला. त्या रविवारीही ती सभागृहातच होती, पण टेकडीवरची पोरं आपसांत पोर्तुगीज बोलायची. बेटाच्या आतल्या गावांचं ते गाण्यातलं जाड क्रियोल त्यांच्या डोक्यावरून जायचं, पोटात फक्त माशाच्या करंज्या जायच्या.

*

वसंतात शहराच्या मोठ्या नाट्यगृहात आफ्रिकेच्या संगीताचा महोत्सव ठरला. वेरा नावाची एक तरुण पोर्तुगीज बाई टेकडीवर आली. मनापासून बोलायची, कॉफी दोनदा मागून घ्यायची. इथे जन्मलेल्या मुलांना त्यांची मुळं कळावीत असं तिला फार वाटत होतं.

“तुमच्या गाण्यांचे अर्थ आम्हाला पडद्यावर दाखवायचे आहेत,” ती म्हणाली. “तुमच्यामागे मोठा पडदा असेल. अनुवाद कोण करेल?”

एतेल्विनाने चष्मा चढवला.

तीन आठवडे ती त्या अनुवादाला बसली. काम, घर, स्वयंपाक सांभाळून, जेवणाच्या टेबलावर वही पसरून. आईची ती जहाजाची ओळ तिने सहा वेळा लिहिली. सहाव्यांदा ती पोर्तुगीजमध्येसुद्धा गाऊ लागली. ती स्वतःशीच वाचून बघायची आणि तिला वाटायचं, ही आता निम्मी माझी आहे. मग ती निल्दाचं उत्तर लिहायला बसली. तेही एका बैठकीत उतरलं. उतरल्यावर तिने दोन्ही एकाखाली एक वाचली, आणि वही मिटली.

निल्दाला तिने विचारलं तेव्हा दोघी बसमध्ये होत्या.

“जहाजाची ओळ घ्यायची म्हणते मी, नाट्यगृहात. चालेल ना, कुमाद्री?”

“गा की. मागोमाग माझं उत्तर आहे ना?”

“आहे ना.”

“मग काय हरकत. त्या निमित्ताने चांगला झगा शिवते.” निल्दा हसली. “आणि बघायला कोण असणार?”

“पोर्तुगीज लोक. शब्द पडद्यावर येणार आहेत, त्यांना कळावेत म्हणून.”

“कळू देत बिचाऱ्यांना. त्यांच्यातही कप्तान असतीलच.”

त्या पोर्तुगीज लोकांत आपली मुलंही बसणार आहेत, वाचता येणारी, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. निल्दाच्या नाही आलं याचं नवल नव्हतं. एतेल्विनाच्या यायला हवं होतं.

वेराला तिने जो कागद दिला त्यावर जहाजाची ओळ होती. निल्दाचं उत्तर नव्हतं.

*

शनिवारी दुपारी वीस बायका डोक्याला एकसारखे पांढरे रुमाल बांधून अर्धगोलात बसल्या. पाठीमागे घराएवढ्या उंचीचा पडदा. त्यांना तो दिसत नव्हता. न्हा प्रुडेन्सिया टोकाला, मांडीत गाठोडं. समोर अंधारात तीनशे माणसं. पुढच्या तीन रांगांत टेकडीवरची मुलं. त्यांच्या शाळेने खास आणली होती.

ठोका पक्का बसला. एतेल्विनाने ओळ टाकली. तिचा आवाज त्या छताला जाऊन भिडला आणि परत आला, तेव्हा तिला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी पुढच्या दाराने आत आले. बायकांनी ओळ परत दिली. अंधारातून आधी हसू आलं, म्हणजे त्यांनी वाचलं होतं, मग टाळ्या. तिने ओळ पुन्हा गायली. पुन्हा टाळ्या. तिसऱ्यांदा गायली.

उजव्या बाजूला निल्दा गाठोडं खाली ठेवत होती. नवा निळा झगा सावरून ती खुर्चीतून अर्धी उठली, कापडासाठी. कापड एतेल्विनाच्या खांद्यावर होतं. तेवढ्यात बाजूच्या पडद्याआडून वेराने दोन बोटं वर केली, म्हणजे दोन मिनिटं उरली. दोन मिनिटांत निल्दाचं उत्तर दोनदा झालं असतं.

एतेल्विनाने हात वर करून ठोका तोडला आणि शेवटचं गाणं उचललं.

निल्दा क्षणभर तशीच राहिली. मग बसली. गाठोडं घेतलं आणि वाजवायला लागली, कारण बाकीच्या वाजवत होत्या. न्हा प्रुडेन्सियाचे हात मात्र पुढच्या गाण्यात पडले नाहीत.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एतेल्विना वाकली, पुन्हा वाकली.

आतल्या खोलीत निल्दा तिच्याजवळ आली. “कुमाद्री, माझं कापड?”

“वेळ संपली गं. त्या वेराने हात केला, तू बघितलंस ना?”

“मी तुझ्याकडे बघत होते,” निल्दा म्हणाली, आणि झगा बदलायला गेली.

सिलेनिया बाहेर सापडली नाही. तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, ती मध्येच उठून गेली.

*

सोमवारी पहाटे बसमध्ये निल्दाच्या शेजारच्या जागेवर तिची पिशवी होती. अकरा वर्षं ती जागा एतेल्विनाची होती. एतेल्विना दांडी धरून उभी राहिली.

“पिशवी उचलतेस का, कुमाद्री?”

“जड आहे,” निल्दा खिडकीबाहेर बघत म्हणाली.

चौथ्या मजल्यावर, दोघी एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांनी पुसत आल्या, तेव्हा निल्दा बोलली. हात थांबवला नाही.

“पोरीने पडद्यावर वाचलं. संध्याकाळी घरी आली आणि पोर्तुगीजमध्ये विचारते, बारेइरोला जायला बोट किती वाजता असते. मी म्हटलं, कशाला. तर म्हणते, बाबाचे सदरे बघायला.”

एतेल्विनाचा फडका थांबला.

“सात वर्षं मी सांभाळलं ते,” निल्दा म्हणाली. “सांगणार होते. मोठी झाली की, माझ्या तोंडाने, माझ्या शब्दांत. तू तिला आधी सांगितलंस. तीनशे माणसांबरोबर बसवून.”

“मला खरंच सुचलं नाही गं...”

“ते कळलं मला. तुझ्याकडून कधी कागदातलं काही सुटत नाही, हेच सुटलं.” तिने टेबलाचं टोक पुसून घेतलं. “पण माझं उत्तर आलं असतं ना, तर ते तरी तिने वाचलं असतं. आता तिला एवढंच माहीत आहे की तिच्या आईला टाकलं आणि लोक टाळ्या वाजवतायत.”

“वेळच नव्हती, कुमाद्री.”

निल्दाने बादली उचलली आणि पाचव्या मजल्यावर गेली.

घरी न्हा प्रुडेन्सिया टेबलाशी बसली होती. तिने लेकीला हाताने जवळ बोलावलं. तिची कुजबुज ऐकायची तर तोंडाशी कान न्यावा लागे.

“उत्तर का नाही झालं?”

“वेळ संपली, माय.”

आईने तिच्याकडे पाहिलं. मग एका बोटाने टेबलावर ठोका धरला, दोन-दोनचा, हळू, आणि जहाजाची ओळ ओठांनी नुसती हलवून म्हटली. एकदा. दोनदा. तीनदा. तीन बोटं वर करून लेकीला दाखवली आणि उठून आत गेली.

एतेल्विनाला जेवण गेलं नाही. अंगणात कपडे वाळत होते, ते काढायलाही ती बाहेर पडेना. समोरच्या घरातून कुणी हाक मारेल अशी भीती वाटत होती, आणि कुणी मारत नाही हेही ऐकू येत होतं. गुरुवारी एक बाई दवाखान्याचा कागद घेऊन आली, दारातच घुटमळली आणि म्हणाली, “राहू दे, मुलाकडून वाचून घेते.” कदाचित तिला खरंच घाई असेल. एतेल्विनाने दिवसभर त्या वाक्याचा कीस पाडला.

शुक्रवारी ती शाळेच्या फाटकापाशी उभी राहिली. सिलेनिया आली, उंच, पाठीला दप्तर, कानात इयरफोन. मद्रिन्याला बघून तिने एक कानातला काढला, दुसरा राहू दिला.

“सिलेनिया, मला तुला काही सांगायचंय. त्या गाण्याचा पुढचा भाग होता. तुझ्या आईचा. तो राहिला. त्यांनी आम्हाला वेळच...”

“आठ मिनिटं होती,” सिलेनिया म्हणाली.

“काय?”

“तुम्हाला आठ मिनिटं होती. त्यांनी व्हिडिओ टाकलाय, मी बघितला. तू ती ओळ तीनदा म्हटलीस. एकदाला बावीस सेकंद लागतात.” ती चिडून बोलत नव्हती, गणित सांगावं तसं सांगत होती. “दुसऱ्या भागाला किती लागतात?”

“तेवढेच.”

“मग बसत होतं.”

एतेल्विनाला रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज वेगवेगळा ऐकू आला.

“एक विचारू?” सिलेनियाने दुसराही इयरफोन काढला. “हे गाणं जुनं आहे ना? म्हणजे तुम्ही सगळ्या हे माझ्यासमोर गात होतात. मी लहान असताना. मी तिथे बसून करंजी खात होते आणि तुम्ही सगळ्या हसत होतात.”

“तुझी आईपण हसत होती, बाळा. तीच सगळ्यांत जास्त...”

“मला काय माहीत? मला कुणी शिकवलं का, तुम्ही काय बोलता ते? कंबर हलवायला शिकवलंत. शाळेच्या कार्यक्रमात नाचायला लावलंत. शब्द फक्त तिकडे, पडद्यावर.” तिने दप्तर सावरलं. “दुसरा भाग काय आहे? क्रियोलमध्ये सांग. हळू.”

एतेल्विनाने फाटकाशी उभं राहून निल्दाचं उत्तर एकेक शब्द सोडवून सांगितलं. या वेळी ती मध्ये थांबली नाही. सिलेनियाने ‘वल्हवते’ दोनदा म्हणून घेतलं. तोंडात बसेना, तिसऱ्यांदा बसलं.

“हे पहिल्यापेक्षा भारी आहे,” ती म्हणाली, आणि गेली.

*

रविवारी सभागृह नेहमीपेक्षा भरलं होतं. बायका आधीच येऊन बसल्या होत्या. एतेल्विना आत शिरली तशा त्या गाठोडी नीट करू लागल्या, जणू ती सगळ्यांचीच एकदम सुटली होती. ती तिच्या जागी बसली. गाणं कुणी उचलायचं हे कुणी विचारलं नाही, आणि तिनेही उचललं नाही.

निल्दा आली. मागोमाग सिलेनिया. ती रविवारी यायचं बंद करून दोन वर्षं झाली होती.

“बघा, कोण आलंय,” न्हा बेबा म्हणाली. “आज करंज्या नाहीत हं, पोरी. आधीच सांगते.”

“माहीत आहे, न्हा बेबा,” सिलेनिया क्रियोलमध्ये म्हणाली. उच्चार वाकडा होता. कुणी हसलं नाही.

एतेल्विना उठली. कापड तिने घरी धुऊन, इस्त्री करून आणलं होतं. ते दोन्ही हातांवर घेऊन ती निल्दासमोर उभी राहिली. “कुमाद्री, तुझं उत्तर राहिलंय. सगळ्यांसमोर दे. आम्ही ठोका धरतो.”

निल्दाने कापडाकडे पाहिलं. “ते उत्तर मी सात वर्षांपूर्वी दिलंय. या सगळ्यांनी ऐकलंय. ज्यांनी नव्हतं ऐकलं, त्यातलं एक माणूस माझ्या घरात आहे, आणि शुक्रवारी त्याने ऐकलं. बाकीचे दोनशे नव्याण्णव आता कुठून आणू?” तिने कापड घेतलं. “आज ओळ माझ्या पोरीची आहे.”

आणि तिने वाकून ते एतेल्विनाच्या कंबरेला बांधलं. गाठ जरा जास्तच आवळली.

न्हा प्रुडेन्सियाने पहिला ठोका टाकला. मग एकेक करून सगळ्यांनी. दोनात तीन अडकले, काचा वाजू लागल्या. सिलेनिया मध्ये आली. तिने मुठी आवळल्या होत्या, आणि ती जे म्हणाली ते धड गाणंही नव्हतं, पाठ केलेलं अडखळत म्हणावं तसं होतं:

गाणं संपलं, टाळ्या संपल्या, लोक गेले घरी,
माझी आई अजून तिथंच, अर्धी खुर्चीवरी.

बायकांनी ओळ परत दिली. वीस तोंडांतून आली तेव्हा तिचं गाणं झालं. एतेल्विनाला नाचावं लागलं, कारण कंबरेला कापड होतं. चाळीस वर्षांत तिला कधी स्वतःचे हात एवढे नकोसे झाले नव्हते. ते कुठे ठेवावेत कळेना. ती नाचत होती आणि तिचा चेहरा भाजत होता. आई समोर होती. आईचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते.

ओळ दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा. आता उत्तर द्यायचं होतं.

तिने आईच्या जुन्या ओळी आठवून पाहिल्या; त्यातली एकही इथे बसत नव्हती. वेळ नव्हती, हे दोन यमकांत बसवता आलं असतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलंही. समोर सिलेनिया उभी होती, सेकंद मोजणारी.

ठोका चालूच होता. नियम होता, उत्तर येईपर्यंत थांबायचं नाही. न्हा बेबाच्या कपाळावर घाम आला होता. एकजण हात बदलत होती. कुणी चिडलं नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं. त्या नुसत्या वाजवत होत्या, तिच्यासाठी, आणि तेच तिला सोसवेना.

“वेळ होती,” एतेल्विना म्हणाली.

ते गाणं नव्हतं. नुसतं बोलणं होतं.

“मी कागदावरूनच ते गाळलं होतं. आधीच. वेराने हात करायच्या तीन आठवडे आधी. मी दोन्ही लिहून काढली आणि दोन्ही एकाखाली एक वाचली.” तिने आईकडे पाहिलं, मग पाहवेना म्हणून जमिनीकडे. “निल्दाची ओळ मायच्या ओळीपेक्षा चांगली होती. आणि मी मायचीच गाते, माझी अशी माझ्याकडे एकही नाही. टाळ्या तिला पडल्या असत्या. म्हणून.”

न्हा प्रुडेन्सियाचे हात चालूच होते. बाकीच्यांचेही. एतेल्विनाला वाटलं, आता थांबतील. कुणी थांबेना.

निल्दा तिच्या खुर्चीत नीट मागे रेलून बसली होती, दोन्ही हात गाठोड्यावर, तीनचा ठोका अगदी स्वच्छ.

“मागे बसलेल्यांना ऐकू आलं नाही, कुमाद्री,” ती म्हणाली.

एतेल्विनाने श्वास घेतला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली, या वेळी मोठ्याने.